हवालदाराचे दुसरे पेन्शन

नोव्हेंबर महिना उजाडला, की अहमदनगर शहरातील, म्हणजे सरकारदप्तरी ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे त्या शहरातील, बँकांच्या पायऱ्यांवर एक निराळीच गर्दी जमू लागते. पारनेर, पाथर्डी, श्रीगोंदे, जामखेड अशा अवर्षणप्रवण तालुक्यांतून पहाटेच्या एस.टी.ने निघालेली, डोक्यावर स्वच्छ फेटा अथवा टोपी आणि काखेत कापडी पिशवी असलेली ही वृद्ध मंडळी, आपण अद्याप जिवंत आहोत, एवढे एकच विधान सरकारपुढे सहीनिशी करण्यासाठी आलेली असतात. ह्या विधानाला ‘हयातीचा दाखला’ म्हणतात. आणि तो ज्या वर्षी वेळेवर रुजू होत नाही, त्या वर्षी डिसेंबरापासून पेन्शन थांबते. चिलखती दलाचे आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे, ज्याच्या भिंगार छावणीत पहाटेची कवायत रस्त्यावरून ऐकू येते आणि ज्याच्या कोरडवाहू गावांतला मुलगा मिसरूड फुटण्याआधीच भरतीसाठी धावण्याचा सराव करू लागतो, त्या जिल्ह्यात ह्या गर्दीत माजी सैनिकांचा भरणा असावा, हे स्वाभाविकच आहे.

ह्याच गर्दीतले दोन वृद्ध माझ्या पुष्कळ वर्षांच्या परिचयाचे आहेत. एक पाथर्डी तालुक्यातील हवालदार. १९६९ साली एकोणीस वर्षांचे असताना पलटणीत गेले, एकाहत्तरचे युद्ध पाहिले, १९८७ साली डिस्चार्ज बुक हाती घेऊन घरी आले आणि पुढे १९८९ पासून २०१० पर्यंत टपाल खात्यात कारकून राहिले. दुसरे जन्मभर कोषागाराच्या हिशेबात मुरलेले लेखाधिकारी, ज्यांना गावातील सगळेच रावसाहेब म्हणतात. दाखल्याचे काम उरकल्यावर बँकेसमोरच्या कडुलिंबाखाली आम्ही तिघे बसलो असता जो संवाद घडला, तो मी येथे मांडत आहे. कारण त्या संवादातील प्रश्न केवळ त्या दोघांपुरता नाही.

प्रारंभ रावसाहेबांनी केला. हवालदारांच्या पिशवीतील दोन पासबुकांकडे पाहून ते म्हणाले, “हवालदारसाहेब, तुमच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे, परंतु चाळीस वर्षे खजिन्याच्या जमाखर्चावर नजर ठेवलेल्या माणसाला एक शंका छळते, ती आज बोलून दाखवतो. पेन्शन म्हणजे निवृत्तिवेतन. जो निवृत्त झाला, ज्याचे हातपाय थकले, ज्याला नवे अर्जन करता येत नाही, त्याच्या निर्वाहाची ती तरतूद. तुम्ही सदतिसाव्या वर्षी घरी आलात, एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा सरकारच्याच मुशाहिऱ्यावर रुजू झालात. मग त्या एकवीस वर्षांत तुम्ही निवृत्त होता, की नोकरीत होता? एकाच तिजोरीने एकाच माणसाला एकाच महिन्यात निवृत्तीबद्दल वेतन द्यावे आणि नोकरीबद्दलही द्यावे, हे माझ्या हिशेबाच्या वहीत बसत नाही. मुलकी खात्यातला माणूस पंचावन्नाच्या पुढे निवृत्त होऊन पुन्हा नेमला गेला, तर त्याच्या पगारातून पेन्शनची रक्कम वजा होते. तुम्हाला मात्र ती सबंध माफ. हा भेद का?”

हवालदार काही काळ गप्प राहिले. फौजेतून आलेल्या माणसाला वादाची घाई नसते, असा माझा अनुभव आहे. मग ते म्हणाले, “रावसाहेब, मुलकी माणूस पंचावन्नाच्या पुढे घरी जातो, तेव्हा त्याची मुलगी सासरी गेलेली असते आणि मुलगा कमावता झालेला असतो. मी घरी आलो तेव्हा माझी मोठी मुलगी चौथीत होती आणि धाकट्याला अजून शाळेत घातले नव्हते. मी काही हौसेने सदतिसाव्या वर्षी बाहेर पडलो नाही. फौजेला तरणे शिपाई लागतात, म्हणून तिने मला त्या वयात मोकळे केले. ज्या वयात तुमच्या कचेरीतल्या माणसाला पहिली बढती मिळते, त्या वयात माझी नोकरी संपली. ते पेन्शन माझ्या म्हातारपणाचे नव्हतेच. माझी जी वीस वर्षे सरकारने अर्ध्यावर तोडली, त्यांची ती भरपाई होती.

“आणि टपाल खात्यात मला काय मिळाले, तेही ऐका. वेतनश्रेणीची अगदी खालची पायरी. माझ्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षांचा पोरगा होता. त्याचा आणि माझा पगार एक, ज्येष्ठता एक. सियाचीन असो वा राजस्थान, जिथे पाठवले तिथे काढलेली माझी अठरा वर्षे त्या हजेरीपटावर शून्य होती. मी त्याबद्दल कुरकूर केली नाही. पण नोकरी मोजताना माझी अठरा वर्षे धरायची नाहीत आणि पगार मोजताना त्याच अठरा वर्षांचे पेन्शन मात्र धरायचे, हा कुठला न्याय?”

ह्या शेवटच्या वाक्यावर रावसाहेब सावरून बसले. त्यांच्या वादपद्धतीचा एक गुण असा, की नियम आपल्या विरुद्ध जात असला, तरी तो ते लपवीत नाहीत. “तुम्ही म्हणता ती अदलाबदल नियमांत लिहिलेलीच होती,” ते म्हणाले. “केंद्राच्या १९७२ च्या पेन्शन नियमांतला एकोणिसावा नियम. लष्करातून मुलकी नोकरीत आलेल्या माणसापुढे तो दोन वाटा ठेवत असे. एक अशी, की लष्करी पेन्शन चालू ठेवा, मात्र ती सेवा मुलकी पेन्शनसाठी अर्हताकारी म्हणून मोजली जाणार नाही. दुसरी अशी, की लष्करी पेन्शन सोडा, आजवर घेतलेले पेन्शन, उपदान आणि पेन्शनचा भाग विकून घेतलेली अंशराशीकरणाची रक्कम जास्तीत जास्त छत्तीस मासिक हप्त्यांत परत करा, आणि मग ती सेवा मुलकी सेवेला जोडून घ्या. विकल्प मुदतीत दिला नाही, तर पहिली वाट पत्करली असे समजले जाई.”

“म्हणजे मी पेन्शन ठेवले, त्याची किंमत अठरा वर्षांच्या सेवेने आधीच चुकती केली,” हवालदार म्हणाले. “आता पगारातून पुन्हा वजावट केली असती, तर एकाच वस्तूचे मोल माझ्याकडून दोनदा वसूल झाले असते.”

रावसाहेबांनी मान हलवली. ती होकाराची होती की विचाराची, हे मला त्या क्षणी कळले नाही. परंतु ह्या ठिकाणी मला माझे मत सांगितले पाहिजे. हवालदारांचे हे म्हणणे मला सर्वस्वी बिनतोड वाटते. पेन्शन हे झालेल्या श्रमाचे देणे आहे आणि पगार हा होत असलेल्या श्रमाचा मोबदला आहे. ही दोन खाती एकमेकांत वळती करण्याचा अधिकार धन्याला पोहोचत नाही, मग दोन्ही खात्यांचा धनी एकच का असेना. ‘डी. एस. नकारा’ खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, ज्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर हे दोन महाराष्ट्रीय होते, हेच तत्त्व निःसंदिग्धपणे सांगितले, की पेन्शन ही धन्याच्या मर्जीची बक्षिसी नव्हे अथवा खैरातही नव्हे. ते पूर्वी केलेल्या सेवेचे, पुढे ढकललेले वेतन आहे. रावसाहेबांना हा निकाल अर्थातच तोंडपाठ होता. किंबहुना त्यांच्यासारख्या पेन्शनरांच्या संघटना ती तारीख दरवर्षी पेन्शनरदिन म्हणून पाळतात.

मी त्यांना तसे म्हटले, तेव्हा ते उत्तरले, “तत्त्व मला मान्य आहे. पण पेन्शन हे हक्काचे ठरले, म्हणून नव्या नोकरीचा पगार ठरवताना सरकारने डोळे मिटून घ्यावेत, असे त्या निकालाने कुठे म्हटले आहे? सरकारने स्वतःही हे तत्त्व सावकाशच गिळले. १९६४ साली पुनर्नियुक्त पेन्शनराचे पेन्शन पगार ठरवताना दुर्लक्षायचे ते फक्त पन्नास रुपयांपर्यंत. १९७८ साली ती मर्यादा एकशे पंचवीस झाली. १९८३ सालच्या हुकमाने मात्र मोठी फाटाफूट केली. पंचावन्नाच्या आत निवृत्त झालेल्यांपैकी अधिकाऱ्यांना अडीचशे रुपये आणि अधिकारीपदाच्या खालच्या हुद्द्यांना संपूर्ण पेन्शन माफ. १९८६ च्या आदेशांत अधिकाऱ्यांची मर्यादा पाचशे झाली, पुढच्या वेतन आयोगांबरोबर पंधराशे, चार हजार, आणि २०१७ च्या हुकमाने पंधरा हजार. म्हणजे हवालदाराला सबंध माफी, आणि मेजरला पंधरा हजारांपुढचे सारे पगारातून वजा. तुमचे तत्त्व जर खरे असेल, तर मेजराच्या बाबतीत ते पंधरा हजारांवर का थांबते?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याला हवालदारांपाशी उत्तर नव्हते. “मेजरसाहेबांचे मला ठाऊक नाही,” एवढेच ते म्हणाले. परंतु मला वाटते, की उत्तर त्या आकड्यांच्या शिडीतच दडलेले आहे. पन्नास रुपयांपासून पंधरा हजारांपर्यंतचा हा चढ महागाईचा आहे, न्यायबुद्धीचा नव्हे. अधिकाऱ्याच्या बाबतीत सरकारने तत्त्व कधी मान्य केलेच नाही. फक्त सवलतीची रक्कम वेळोवेळी चलनाच्या घसरणीप्रमाणे वाढवली. शिपायाच्या बाबतीत मात्र १९८३ साली ते तत्त्व मान्य झाले, आणि त्या साली कुणी तरी एका टिपणीवर ‘संपूर्ण’ हा शब्द लिहिला, त्याचे ह्या जिल्ह्यातील हजारो घरांवर उपकार आहेत.

“परंतु संपूर्ण म्हणजे संपूर्ण नव्हतेच, साहेब,” हवालदार मध्येच म्हणाले, आणि ह्या वेळी त्यांच्या आवाजात जुनी जखम होती. “पेन्शन चालू होते, पण त्यावरची महागाई वाढ बंद. नोकरीत आहात, पगारावर महागाई भत्ता मिळतो, मग पेन्शनवर कशाला, असा हुकूम. मला हे माहीत नव्हते, आणि जिथून पेन्शन मिळे तिथल्यांनाही माहीत नसावे. ते बिचारे वाढ देत राहिले. मग एके दिवशी एका कचेरीचे पत्र आले, की अमुक वर्षापासूनची रक्कम जादा दिली गेली आहे, ती वसूल करण्यात येईल. त्या वर्षी मुलगी बारावीला होती. चौदा महिने मी घरात पेन्शनचा पूर्ण आकडा पाहिला नाही.”

ह्या बाबतीतील इतिहास रावसाहेबांनी सांगितला, आणि तो वाचकांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुनर्नियुक्त माजी सैनिकांना पेन्शनवरील महागाई वाढ नाकारण्याचा हा नियम न्यायालयांत आव्हानित झाला, काही ठिकाणी सैनिकांच्या बाजूने निकाल लागले, परंतु ‘जी. वासुदेवन पिल्लै’ खटल्यात डिसेंबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. पगारावरील भत्त्याने महागाईची झळ भरून निघते, तेव्हा पेन्शनवर वेगळी वाढ न देणे अन्यायाचे नाही, असा त्या निकालाचा आशय. पुढे पाचव्या वेतन आयोगानंतर सरकारनेच धोरण पालटले आणि २ जुलै १९९९ च्या हुकमाने, ज्यांचे संपूर्ण पेन्शन दुर्लक्षिले जाते आणि ज्यांचा पगार श्रेणीच्या किमान पायरीवर ठरवला जातो, अशा हवालदारांसारख्यांना १८ जुलै १९९७ पासून ही वाढ सुरू झाली. न्यायालयात जे हरले होते, ते पाच वर्षांच्या आत प्रशासनाच्या सुबुद्धीने मिळाले. त्याआधीच्या वर्षांची वसुली मात्र तशीच राहिली.

“आता तुम्ही माझ्या मनातले बोललात,” असे म्हणून रावसाहेब आपल्या खऱ्या चिंतेकडे वळले. “नियम काय आहे, ह्यापेक्षा तो कुणापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न मला मोठा वाटू लागला आहे. त्या एकोणिसाव्या नियमात स्पष्ट लिहिले होते, की नेमणुकीचा हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याने त्या हुकमासोबतच लेखी कळवून माजी सैनिकाला विकल्प विचारावा. तुम्हाला विचारले होते?”

“नाही,” हवालदार म्हणाले. “मला तो नियम आहे हे कळले, तेव्हा नोकरीची अकरा वर्षे झाली होती. तसे विचारले असते, तरी मी पेन्शनच ठेवले असते. घेतलेले पैसे छत्तीस हप्त्यांत परत करायला माझ्यापाशी होते काय? पण विचारायला हवे होते.”

हे ऐकून मला आठवले, की मराठेशाहीच्या दप्तरात ‘बालपरवेशी’ नावाची एक बाब असे. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांच्या पालनपोषणासाठी सरकारातून दिलेली ती नेमणूक. १७९५ साली मराठे आणि निजाम ह्यांची ज्या खर्ड्याला लढाई झाली, ते खर्डे ह्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. आणि तेथून पुढे पाथर्डीकडे जाताना मला नेहमी वाटते, की शिपायाचे देणे हा राज्याच्या अस्तित्वाच्या मूळ करारातला मजकूर आहे. तो करार शिपायाच्या घरी जाऊन वाचून दाखवणे हे राज्याचे काम. शिपायाच्या बायकोने तो कचेरी-कचेरीतून शोधत हिंडावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

रावसाहेबांनी आणखी एक आक्षेप घेतला, तो मी थोडक्यात नोंदवतो. राज्यातील गट ‘क’ व ‘ड’ च्या सरळसेवा भरतीत माजी सैनिकांसाठी पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे. एकेका तलाठ्याच्या जागेसाठी शेकड्यांनी पदवीधर रांगेत असताना पेन्शन मिळणाऱ्याने ती जागा अडवावी का, असा तो आक्षेप. हवालदारांनी एवढेच विचारले, की सदतिसाव्या वर्षी दोन मुलांच्या बापाने केवळ हवालदाराच्या पेन्शनवर घर चालवावे का; आणि रावसाहेबांनी तो मुद्दा पुढे ताणला नाही. ते म्हणाले, “नाही तरी हा सारा वाद आता आपोआप संपत चालला आहे. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून जो मुलकी नोकरीत आला, त्याला तुमच्यासारखे दुसरे पेन्शन नाही. त्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते. आणि २०२२ पासून जी पोरे अग्निवीर म्हणून भरती होत आहेत, त्यांतल्या चारांतल्या एकापलीकडे कुणाला फौजेत राहता येणार नाही. बाकीच्यांना चार वर्षांनी एकरकमी निधी मिळेल, पेन्शन नाही. ती पोरे मुलकी नोकरीत येतील, तेव्हा दुर्लक्ष करायला त्यांचे पेन्शनच नसेल.”

“माझा नातू त्यातच आहे,” हवालदार म्हणाले.

त्यानंतर पुष्कळ वेळ कुणी काही बोलले नाही. रांगेतली माणसे एकेक करून खाली उतरत होती. मग रावसाहेबांनी, कुणी न विचारताच, एक गोष्ट सांगितली. आणि ती सांगताना ते आमच्याकडे पाहत नव्हते.

“निवृत्तीच्या सहा-सात वर्षे आधी माझ्या टेबलावर एका विधवेचे प्रकरण आले होते. नवरा फौजेतून येऊन राज्य सरकारच्या एका खात्यात लागला आणि सेवेत असतानाच वारला. दोन्हीकडचे कुटुंब निवृत्तिवेतन एकाच बाईला मिळत नसे. नियमच तसा होता. मी तिला समजावून सांगितले, की बाई, मुलकी खात्याची रक्कम मोठी आहे, ती घ्या, लष्कराची सोडा. तिने अंगठा उठवला. मी सही केली. कागद अगदी निर्दोष होता. पुढे २४ सप्टेंबर २०१२ पासून सरकारने हा निर्बंध उठवला. लष्करी पेन्शनर पुन्हा केंद्राच्या, राज्याच्या अथवा सार्वजनिक उपक्रमाच्या नोकरीत असेल, तर त्याच्या पश्चात दोन्ही कुटुंब निवृत्तिवेतने देता येतात. आणि मृत्यू आधीचा असला, तरी त्या तारखेपासूनचा लाभ मिळतो. हे मी वर्तमानपत्रात वाचले, तेव्हा मी निवृत्त होतो. त्या बाईची मला आठवण झाली. पण मी काही केले नाही. प्रकरण माझ्या टेबलावर उरले नव्हते, असे मी मनाला सांगितले.”

“गाव कुठले?” हवालदारांनी विचारले.

रावसाहेबांनी गाव सांगितले. ते पाथर्डी तालुक्यातलेच निघाले, हवालदारांच्या गावापासून दोन कोसांवर.

“बाई असेल अजून?”

“ठाऊक नाही.”

हवालदारांनी दोन्ही पासबुके पिशवीत घातली आणि पिशवीचे तोंड बांधले. दुपारी दीडच्या गाडीने आपण जात आहोत, असे ते म्हणाले. आणि रावसाहेबांनी, ज्यांनी गेल्या दहा वर्षांत शहराची हद्द ओलांडल्याचे मला आठवत नाही, आपली काठी उचलली. त्या दोघांमधला वाद मिटला असे मी म्हणणार नाही. एकाच तिजोरीतून दोन रकमा जाणे रावसाहेबांना अजूनही रुचत नाही, हे ते बसस्थानकापर्यंत चालताना पुन्हा एकदा म्हणाले. परंतु त्या बाईची दुसरी रक्कम तिची आहे, ह्याविषयी त्यांना शंका नव्हती.

वाचकहो, आपल्या गावात, आपल्या भावकीत, आपल्या गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्या मालकाने आधी पलटणीत आणि मग सरकारी नोकरीत आयुष्य काढले आणि जिला आज एकच कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, तर तिला एकदा विचारा. मालकाचे डिस्चार्ज बुक, लष्करी पेन्शनचा पीपीओ (पेन्शन देण्याचा हुकूम), मुलकी नोकरीचा पेन्शनचा हुकूम आणि मृत्यूचा दाखला एवढी कागदपत्रे घेऊन तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. तेथून अर्ज पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला जाईल. एस.टी.चे भाडे आणि एक दिवस, एवढेच तिच्यासाठी आपल्याला खर्चावे लागेल.